तोंड वाकडं झालं? पहिले तीन दिवस वाया घालवू नका

तोंड अचानक एका बाजूला ओढलं गेलं की आमच्या जबलपुरात शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात. 'हवा लग गई', 'लकवा मार गया'. मराठी घरांतही वेगळं काही नसतं. तिथे 'वारं लागलं' म्हणतात. मग कोणी महानारायण तेल आणून देतं, कोणी गरम विटेचा शेक सांगतं, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सुचवतं. मी या शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. असे रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचे दोन-तीन आठवडे उलटून गेलेले असतात. औषधाचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो पहिल्या तीन दिवसांत, आणि नेमके तेच दिवस मालिश, शेक आणि सल्ले यांत संपलेले असतात. याचं मला फार वाईट वाटतं आणि रागही येतो, कारण हे टाळता येण्यासारखं आहे.

एक शिक्षिका महिनाभराने माझ्याकडे आल्या. सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून ओघळलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा जाणवलं. मग चहा सांडला. जेवताना घास गाल आणि दाढा यांच्यामध्ये अडकू लागला, तो बोटाने काढावा लागे. त्या बाजूच्या कानाला कुकरची शिट्टी असह्य होई. वर्गात 'प, फ, ब, भ, म' म्हणताना ओठ मिटत नसत आणि पहिलीतली मुलं हसत. मी त्यांना आरशासमोर बसवलं आणि भुवया वर करायला सांगितल्या. डाव्या कपाळाला आठ्या पडल्या, उजवं कपाळ गुळगुळीतच राहिलं. डोळे घट्ट मिटायला सांगितले, तर उजवा डोळा उघडाच, बुबुळ तेवढं वर सरकलं आणि पांढरा भाग दिसत राहिला. महिनाभर त्या तशाच झोपत होत्या.

हे सगळं एका नसेमुळे होतं. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, त्यांतली सातवी म्हणजे फेशियल नर्व्ह. शरीरातले बहुतेक स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात आणि सांधा हलवतात. चेहऱ्याचे स्नायू मात्र त्वचेत जाऊन संपतात, म्हणून ते सांध्याऐवजी कातडी हलवतात. कपाळाला आठ्या घालणारा फ्रंटॅलिस, डोळ्याभोवतीचा गोल ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय, ओठांभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस, ओठाचा कोपरा वर खेचून हसू उमटवणारा झायगोमॅटिकस, घास दातांखाली ढकलणारा गालातला बक्सिनेटर, या सगळ्यांना हुकूम देते ती हीच नस. कानाच्या मागून बाहेर पडून ती गालातल्या लाळग्रंथीत शिरते आणि तिथे तिच्या पाच मुख्य शाखा होतात. तळहात कानाजवळ ठेवून बोटं चेहऱ्यावर पसरा, म्हणजे कपाळ, डोळा, गाल, हनुवटी आणि मान या पाच वाटा ढोबळमानाने कळतात.

या नसेचा घात होतो तो तिच्या वाटेमुळे. कानामागे बाहेर पडण्याआधी ती कानाच्या हाडातल्या सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यातून जाते. त्यातली सर्वांत अरुंद जागा एक मिलिमीटरहूनही कमी रुंदीची असते. भेडाघाटला पसरट नर्मदा संगमरवरी कड्यांमध्ये कशी चिंचोळी होते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही जागा लगेच डोळ्यांपुढे येईल. नसेला सूज आली की हाड तसूभरही सरकत नाही. नस आपल्याच सुजेने आवळली जाते आणि तिचं काम थांबतं. याच बोगद्यात तिच्यापासून अश्रूंची, कानातल्या एका इवल्याशा स्नायूची आणि जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाच्या चवीची शाखा निघते. म्हणूनच तोंड वाकडं झालेल्या माणसाला चव बदललेली वाटते आणि आवाज मोठे वाटतात.

या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यविशारदाने या नसेचं काम सविस्तर मांडलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. सूज का येते याचं नेमकं कारण अनेकदा हाती लागत नाही. शरीरात सुप्त असलेल्या हर्पिसच्या विषाणूवर संशय आहे. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा धोका जास्त असतो. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण पंधरा ते तीस जणांना तो होतो, म्हणजे जबलपूरसारख्या शहरात दरवर्षी काही शे घरांत हा प्रसंग येत असणार.

सुजेवर औषध आहे. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्कॉटलंडमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत आलेल्या ५५१ रुग्णांचा तिच्यात समावेश होता. ज्यांना दहा दिवस प्रेडनिसोलोन दिलं, त्यांतले ९४.४ टक्के नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झाले होते. ज्यांना दिलं नाही, त्यांतले ८१.६ टक्के. प्रेडनिसोलोन हे जुनं आणि अगदी स्वस्त स्टेरॉइड आहे. मात्र त्याने रक्तातली साखर वाढते, म्हणून ते मनाने घ्यायचं नाही, डॉक्टरांनी तपासून दिल्यावरच घ्यायचं.

आता कोणी म्हणेल, न घेताही एवढे लोक बरे होतात, मग घाई कशाला? गोंधळाचं मूळ नेमकं इथेच आहे. या आजाराचे दहापैकी सात-आठ रुग्ण काहीही न करता बरे होतात. त्यामुळे ज्याने तेल चोळलं तो तेलाचं नाव घेतो आणि ज्याने ताईत बांधला तो ताइताचं. आमच्या मध्य प्रदेशात नीमचजवळ भादवा मातेचं देऊळ आहे. तिथल्या बावडीच्या पाण्याने लकवा जातो, अशी लाखो लोकांची श्रद्धा आहे. राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामला लोक सात दिवस मुक्काम करून परिक्रमा करतात. श्रद्धेशी माझं भांडण नाही. माझा आग्रह तो उरलेल्या दोघा-तिघांसाठी आहे, ज्यांचा चेहरा आपोआप पूर्ववत होणार नाही. ते दोघे-तिघे कोण, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून देवीला जायचं असेल तर जरूर जा, पण डॉक्टरला दाखवून, गोळी सुरू करून जा.

घाईचं दुसरं कारण आणखी गंभीर आहे. प्रत्येक वाकडं तोंड बेल्स पाल्सी नसतं, ते मेंदूच्या झटक्याचंही लक्षण असू शकतं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो, त्यामुळे झटक्यात बहुधा कपाळाच्या आठ्या शाबूत राहतात आणि फक्त खालचा चेहरा लोंबतो. डॉक्टर हा फरक पाहतात. घरच्यांनी आठ्या मोजत बसू नये. हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तोल गेला तर मिनिटाचाही उशीर नको, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कानात पुरळ किंवा फोड, वर्षानुवर्षं वाहणारा कान, गालावरचा बधिर चट्टा यांतही हीच नस सापडू शकते, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

तिसरी गोष्ट डोळ्याची. पापणी उघडणारी नस वेगळी आहे, तिसरी. पापणी मिटणारी ही सातवी. सातवी बंद पडली की डोळा सताड उघडा राहतो. जबलपूरच्या रस्त्यांवरची धूळ आणि मे महिन्यातली लू त्या उघड्या डोळ्यावर येते. बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम झाली तर कायमचा डाग राहू शकतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना चष्मा, रात्री मलम लावून पापणी टेपने हलकेच मिटवणं, एवढ्यावर डोळा वाचतो. त्या शिक्षिकेला हे कोणीही सांगितलं नव्हतं. तेल मात्र चार जणांनी आणून दिलं होतं.

माझ्या व्यवसायातल्या मंडळींनाही मला काही सांगायचंय. रुग्ण आला की पहिल्याच दिवशी मशीन लावून जोरात करंट द्यायची पद्धत अजून सर्रास दिसते. चेहरा फडफडतो, रुग्णाला वाटतं काहीतरी होतंय. फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, असंही सांगितलं जातं. पण चघळण्याचे मुख्य स्नायू सातव्या नसेचे नाहीतच, ते पाचव्या नसेचे. च्युइंगमने जबडा दमतो, चेहऱ्याच्या हातात फारसं काही पडत नाही. खोलवर इजा झालेली नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, आणि वाढताना तिचे तंतू चुकीच्या स्नायूकडेही जातात. मग हसताना डोळा मिटतो, जेवताना डोळ्यातून पाणी येतं. जोर लावून केलेल्या व्यायामाने ही चुकीची सवय पक्की व्हायची भीती असते. आरशासमोर बसून, सावकाश, एका वेळी एकच छोटी हालचाल, हाच व्यायाम मी शिकवते. त्याला महिने लागतात आणि धीर लागतो.

चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव ठरवण्याची आपली सवय या दुखण्याला आणखी जड करते. येवल्याच्या ललिता पवार १९४२ साली नायिका म्हणून काम करत होत्या. चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि त्यांच्या चेहऱ्याला लकवा झाला. तीन वर्षं उपचार चालले, डाव्या डोळ्यातला दोष कायम राहिला. नायिकेच्या भूमिका गेल्या आणि तो बारीक झालेला डोळा पुढे खाष्ट सासूची आणि मंथरेची ओळख ठरला. त्यांनी त्या भूमिकांचं सोनं केलं, 'अनाडी'तल्या मायाळू मिसेस डिसाही त्यांनीच उभ्या केल्या. पण प्रत्येकीकडे ललिताबाईंची प्रतिभा नसते. माझ्याकडे येणाऱ्या मुली ओढणीने अर्धा चेहरा झाकून येतात. लग्न ठरलेल्या मुलीचा आजार सासरी कळू नये म्हणून आईवडील तिला दवाखान्यातच नेत नाहीत. लाजेपोटी घालवलेले ते दिवस त्या मुलीला जन्मभर महागात पडू शकतात.

जबलपुरात १९५५ पासून मेडिकल कॉलेज आहे, विक्टोरिया म्हणून ओळखलं जाणारं जिल्हा रुग्णालय आहे. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूरहून माणसं उपचारांसाठी याच शहरात येतात. डॉक्टर आहेत, औषध आहे. निरोप तेवढा पोचत नाही. तो पोचवायला मोठा खर्च लागत नाही. आशा स्वयंसेविकांच्या प्रशिक्षणात यासाठी अर्धा तास द्यावा. औषधांच्या दुकानदारांनी ताकदीची इंजेक्शनं आणि तेलाची बाटली पुढे करण्याऐवजी 'आजच डॉक्टरकडे जा' एवढं सांगावं. माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टांनी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय रुग्णाच्या चेहऱ्याला हात लावू नये. भादवा माता आणि बुटाटीसारख्या देवस्थानांनी आपल्या दारात एक फलक लावला, तर त्याचा उपयोग आमच्या सगळ्या शिबिरांपेक्षा जास्त होईल, कारण लोक तिथे विश्वासाने जातात.

आणि वाचकांना हात जोडून एक विनंती. घरात, शेजारी, कामावर कोणाचं तोंड वाकडं झालेलं दिसलं तर वारा, नजर, करणी यांची चर्चा करू नका. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. तेल नंतरही लावता येईल, नवस नंतरही फेडता येईल. गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.