एकेकाचे ऐका!

दुसरीचा वर्ग. बाई धड्यातली ओळ म्हणतात, तीस मुले ती एका सुरात, खणखणीत आवाजात मागून म्हणतात. व्हरांड्यातून जाणाऱ्या केंद्रप्रमुखांना वाटावे, वर्ग छान वाचतो आहे. जरा वाकून पाहिले की एकाचे बोट दोन ओळी खाली दिसते, दुसऱ्याने पान भलतेच उघडलेले असते आणि तिसऱ्याने पुस्तक उघडलेलेच नसते. ऐकून ऐकून त्याचा धडा पाठ झाला आहे. या गजरात न वाचणारे मूल बेमालूम लपते. ते ओळखायचे तर त्याला जवळ बसवावे लागते, न पाहिलेला उतारा पुढे ठेवावा लागतो आणि ते काय वाचते ते कान देऊन ऐकावे लागते. त्याला यंत्र लागत नाही, ॲप लागत नाही, तीन दिवसांचे प्रशिक्षणही लागत नाही. वेळ मात्र लागतो आणि आपल्या प्राथमिक शाळेत नेमका त्याचाच दुष्काळ आहे.

‘प्रथम’ या संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून एवढेच करत आले आहे. स्वयंसेवक मुलाच्या घरी जातात, हातात उतारा देतात आणि ऐकतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांमध्ये तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुले २३.४ टक्के निघाली. करोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले होते. म्हणजे सुधारणा झाली आहे आणि तिचे श्रेय राबणाऱ्या शिक्षकांना द्यायलाच हवे. तरी चारांतल्या तिघांना अद्याप तो मजकूर वाचता येत नाही आणि पाचवीपर्यंत पोहोचलेल्यांतही निम्म्याहून अधिक मुले दुसरीच्या उताऱ्यावर अडतात, हे त्याच अहवालात आहे. आकडे देशाचे आहेत म्हणून महाराष्ट्राने हात झटकू नयेत. याच राज्याच्या सरकारला मार्च ते जून २०२५ या काळात दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वाचन-लेखन-गणनाचा खास कृती कार्यक्रम काढावा लागला आणि त्यात गावागावांत ‘चावडी वाचन’, म्हणजे गावकऱ्यांसमोर मुलांचे वाचन, घ्यावे लागले. आजार असल्याखेरीज औषधाचा शासननिर्णय निघत नाही.

केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने जुलै २०२१ मध्ये जे उद्दिष्ट ठरवले, ते मोठे सुटसुटीत आहे. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ समजून वाचावेत. आता हिशेब करू. एका मुलाचे वाचन ऐकायला दोन मिनिटे धरली, तर तीस मुलांसाठी एक तास पुरतो. आठवड्यातून दोनदा ऐकायचे म्हटले तर दोन तास. म्हणजे जे निदान करण्यासाठी राज्यभर पायाभूत चाचण्या, संकलित चाचण्या, त्यांच्या प्रश्नपत्रिकांची छपाई आणि गुणांची ऑनलाइन नोंद असा मांडव घातला जातो, ते आठवड्याला दोन तासांत वर्गातल्या वर्गात होते. शिवाय चाचणी फक्त गुण सांगते. ऐकणाऱ्या शिक्षकाला मूल कुठे अडते तेही कळते.

आणि मराठी वाचताना अडायच्या जागा ठरलेल्या आहेत. काना-मात्रा जमलेले मूल वेलांटी-उकारात घसरते, तेथून सावरले की जोडाक्षराशी थबकते. एकट्या ‘र’चे घ्या. तो ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटात शिरतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी उभा राहतो आणि ‘सुऱ्या’मध्ये निराळेच रूप घेतो. सात वर्षांच्या मुलाने हे एकदा फळ्यावर पाहून लक्षात ठेवावे ही अपेक्षाच अजब. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने शिकवण्याऐवजी थोड्या-थोड्या अक्षरांचे गट केले. पहिल्याच गटातून मुलाला अर्थाचा शब्द वाचता यावा आणि जोडीला रोज गोष्ट ऐकायला मिळावी, असा त्यामागचा विचार. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद’मध्ये, त्याआधी बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांच्या शिकण्याचा जो अभ्यास केला, तो जगाने दखल घ्यावी असा आहे. ज्ञानाची वानवा महाराष्ट्रात कधीच नव्हती. ते ज्ञान दुसरीच्या वर्गाच्या दारापर्यंत येते आणि वेळापत्रकात जागा नाही म्हणून परत फिरते.

लेखनाची गत वाचनाहून वाईट. आपल्या शाळांत लिहिणे म्हणजे बहुतेक वेळा उतरवणे. फळ्यावरचे वहीत, पुस्तकातले वहीत, रोज एक पान शुद्धलेखन. ज्याला एक शब्द वाचता येत नाही असे मूलही वळणदार अक्षरात पानभर मजकूर उतरवून दाखवते, कारण त्याच्या लेखी ते चित्र काढणे असते. पालक वही पाहून खूश, साहेब शेरा देऊन खूश. याच मुलाला ‘काल तू काय केलेस ते दोन ओळींत लिही’ म्हटले की पेन्सिल थांबते. एखाद्याने धीर करून ‘आमी काल शेतात गेलतो’ लिहिले, तर त्यावर लाल शाईचा पाऊस पडतो. वास्तविक त्या ओळीत पोराने मोठाच गड जिंकलेला असतो. मनातली गोष्ट त्याने स्वतःच्या बळावर कागदावर आणलेली असते. ‘आमी’चे ‘आम्ही’ पुढच्या वर्षी होईल. आज त्याला विचारायचे ते हे, की शेतात काय काय पाहिलेस, तेही लिही. पहिल्या दोन इयत्तांत लाल पेन कपाटात ठेवावे, असे एखादे परिपत्रक निघाले तर त्याचे स्वागत करू.

गणिताकडे वळू. ५२ वजा २७. मूल उत्तर लिहिते ३५. बाई फुली मारतात आणि पुढची वही घेतात. पण या ३५ मागे मुलाचा पक्का विचार आहे. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा नियम कोणीतरी त्याला शिकवला आणि तो त्याने इमानाने पाळला. हे मूल आळशी नाही, ढ तर मुळीच नाही. त्याला बावन्न म्हणजे दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हे हाताने करायला मिळालेले नाही. एक गठ्ठा सोडायला दिला की दोनाच्या बारा काड्या झालेल्या त्याला दिसतात आणि ‘हातचा’ म्हणजे काय ते उमजते. हे समजावायला पाच मिनिटे लागतात, पण त्याआधी त्याची चूक वाचावी लागते. ‘असर’च्या २०२४ च्याच पाहणीत तिसरीच्या सगळ्या मुलांपैकी, म्हणजे सरकारी आणि खासगी शाळा मिळून, अशी वजाबाकी करता येणारी ३३.७ टक्केच होती. खासगी शाळेची फी भरून निर्धास्त झालेल्यांनीही हा आकडा वाचावा.

मराठी मुलाला आणखी एक अडथळा जास्तीचा. कानावर पडते ‘त्रेपन्न’, त्यात आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. लिहायचे मात्र आधी पाच, मग तीन. मूल ऐकल्याप्रमाणे ३५ लिहिते. ‘एकोणपन्नास’ला तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे चाळिशीतले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात रूढ वाचनाच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाट दिली. तिच्यामागे डॉ. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ होत्या आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतो हा साधा दाखला त्या देत होत्या. त्यावर महाराष्ट्रात काय झाले? विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, समाजमाध्यमांवर विनोदांचे पीक आले आणि भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. मुलाला कुठे अडते, यावर त्या गदारोळात कोणी चार वाक्ये बोलले नाही. त्या उपायाशी मतभेद असू शकतो. पण दुखणे खरे होते आणि आजही आहे.

आणि जी मुले वर्गात ‘गणितात कच्ची’ ठरतात, त्यांतली किती तरी आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसून अडीचपाव वांग्यांचे पैसे तोंडी सांगतात आणि पाचशेच्या नोटेची मोड बिनचूक परत करतात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली मुले गुंतागुंतीचे तोंडी हिशेब करत होती, पण तसेच गणित कागदावर पुस्तकी पद्धतीने मांडले की अडखळत होती; शाळेतल्या मुलांची तऱ्हा बरोबर उलटी. बाजार आणि फळा यांच्यामध्ये पूल बांधायचा तर शिक्षकाला आधी कळले पाहिजे, की या मुलाला काय येते. पुन्हा तेच. त्याच्याशी बोलायला वेळ हवा.

तो वेळ जातो कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. कायदा २००९ चा. आज जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत डोकावा. एक गुरुजी मतदारयादीच्या कामावर, दुसऱ्यांच्या गळ्यात चार इयत्ता, पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसची माहिती आणि व्हॉट्सॲप गटावर ‘तात्काळ’ म्हणून आलेला तक्ता. त्यावर हा दिन, तो पंधरवडा, प्रभातफेरी, शपथ, आणि हे सारे झाले म्हणून फोटो. उपक्रम झाला की नाही याची पंचाईत कोणाला नसते, फोटो चढला पाहिजे. कोणते काम शैक्षणिक आणि कोणते अशैक्षणिक याची वर्गवारी करणारा शासननिर्णय २०२४ मध्ये निघाला. त्यानंतर मोबाइलवर येणारे तक्ते थांबले, असे सांगणारा शिक्षक अजून भेटायचा आहे. या शिक्षकांचा राजकीय आवाजही क्षीण. विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ आहेत, पण तेथे प्राथमिक शिक्षकाला मत नाही; राज्यघटनेने तो अधिकार माध्यमिक आणि त्यावरील शिक्षकांनाच दिला.

वरून येणारे निर्णयही दोन वर्षे टिकत नाहीत. पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पाने घालण्याचे २०२३ मध्ये ठरले आणि दोन वर्षांत ती पाने काढली गेली. एकच गणवेश राज्यभर लागू करण्याचा प्रयोग वर्षभरात गुंडाळला. पहिलीपासून हिंदी या प्रश्नावर एप्रिल आणि जून २०२५ मध्ये दोन शासननिर्णय निघाले, रान पेटले, २९ जूनला ते दोन्ही रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती आली. तो लढा रास्तच होता. पण तिसरी भाषा कोणती यावर महाराष्ट्र जेवढा भांडला, त्याच्या दशांश तळमळ पहिली भाषा मुलाला वाचता येते का, यासाठी दिसली असती तर बरे झाले असते. मेळघाटातल्या कोरकू मुलाची तर ‘पहिली भाषा’ही मराठी नव्हे, तिचे कूळच निराळे. त्याला पहिल्या दिवसापासून छापील मराठीपुढे बसवायचे आणि वर्षअखेर ‘अप्रगत’ म्हणायचे, हा अन्याय आहे. दिवाळीनंतर आईबापांच्या मागे उसाच्या फडात जाणारे बीडचे पोर मार्च-एप्रिलमध्ये परतते, तेव्हा वर्ग अर्धे पुस्तक पुढे गेलेला असतो. त्यालाही ‘आता तू कुठवर आला आहेस’ असे विचारणारे कोणी तरी हवे.

उपाय महागडे नाहीत. पहिली आणि दुसरी या इयत्तांना रोज सलग दोन तास असे मिळावेत, की त्या वेळेत शिक्षकाला कोणी बोलावणार नाही, माहिती मागणार नाही, फोटो मागणार नाही. शाळेतला सर्वांत मुरलेला शिक्षक पहिलीला द्यावा. आज तो वर्ग बहुधा नव्याच्या किंवा ज्याला कोणी वाली नाही त्याच्या माथी मारला जातो. अधिकाऱ्याने भेटीला यावे, दप्तर न तपासता पाच मुलांना जवळ घेऊन वाचायला लावावे आणि शेरेबुकात फक्त त्याबद्दल लिहावे. पाचवीच्या परीक्षेत नापास करण्याची तरतूद सरकारने परत आणली आहे. जे दुसरीत दोन मिनिटांत कळले असते, ते पाचवीत नापास करून कळवण्यात कोणता पुरुषार्थ?

सरकार हे आपण होऊन करील, अशी आशा बाळगायला फारसा आधार नाही. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्या सदस्यांना आमचे सांगणे आहे, की पुढच्या बैठकीत रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाच्या आधी एक विषय घ्या. दुसरीतल्या प्रत्येक मुलाचे वाचन या आठवड्यात कोणी, कधी ऐकले, ते नावानिशी विचारा. आणि ऐकायला वेळ मिळाला नाही असे उत्तर आले, तर त्या वेळात गुरुजींना कोणी कोणत्या कामाला पाठवले होते, तेही इतिवृत्तात लिहून घ्या.