आजीची भाषा हिरावणारा हा कसला उपचार?

अडीच वर्षांचे मूल बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही, हवे ते बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून तिला फडताळापर्यंत ओढत नेते. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणत, जिभेला वेखंड चाटवत घरच्यांनी वर्ष घालवलेले असते. शेवटी शहरातला डॉक्टर ‘ऑटिझम’, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द उच्चारतो. हादरलेल्या आईबापांना मग स्पीच थेरपीच्या दारात कित्येकदा पहिला सल्ला मिळतो तो हा: ‘आता घरात फक्त इंग्रजी बोला. दोन भाषांनी मूल गोंधळते.’

आम्ही विचारतो, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या आणि एकाच भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना कॅनडासारख्या देशांत झाली आहे. दोन भाषांमुळे ही मुले अधिक मागे पडतात, असे त्या अभ्यासांत आढळले नाही. मग हा फतवा आला कुठून? चित्रांचे तक्ते इंग्रजी, थेरपिस्टचे शिक्षण इंग्रजी, पुढची शाळा इंग्रजी, म्हणून आईनेही इंग्रजी व्हायचे! उपचार करणाऱ्यांच्या सोयीला शास्त्राचे नाव देण्याचा हा प्रकार आहे.

त्याची किंमत पाहा. जी आई दिवसभर ‘मंमं’, ‘भूर’, ‘जोजो’ करत लेकराशी बोलायची, ती आता ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढ्या तीन शब्दांवर येते. आजी तर नातवासमोर तोंड उघडायलाच घाबरते. ज्या मुलाला माणसाच्या आवाजाकडे वळणेच मुळात कठीण जाते, त्याच्याभोवतीचे सर्वांत मायेचे आवाज आपणच बंद करतो. हा अपराध आहे, आणि तो फी घेऊन केला जातो.

वाचोपचार (स्पीच थेरपी) म्हणजे ‘बोल, बॉल म्हण’ अशी घोकंपट्टी नव्हे. नजर मिळवणे, आळीपाळीने खेळणे, मागणे, नाकारणे, हे शब्दांच्या आधीचे बोलणे असते. मूल ‘तुला पाणी हवंय?’ असे म्हणते, तेव्हा त्याला स्वतःलाच तहान लागलेली असते. ऐकलेले वाक्य ते जसेच्या तसे वापरते. घरात त्याला पोपटपंची म्हणून दटावतात. बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या संशोधकांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले की या पुनरुक्तीला अर्थ असतो, हेतू असतो. त्या वाक्यामागची तहान ओळखणारा कान हवा, आणि तो कान घरच्या भाषेचाच असणार.

दुसरा खुळा समज चित्रांविषयीचा. ‘चित्र दाखवून मागू दिले तर मूल बोलायचा आळस करील’ म्हणून न बोलणाऱ्या लेकरांना वर्षानुवर्षे मुके ठेवले जाते. चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत अमेरिकेत १९८५ पासून आहे. अशा साधनांनी बोलणे खुंटत नाही, उलट काही मुलांचे बोलणे वाढते, हे अभ्यासांत दिसले आहे. मुंबईच्या आयआयटीत घडलेले ‘जेलो’ हे चित्रांचे मोफत अॅप तर मराठीतही बोलते. ते किती पालकांना दाखवले जाते?

आणि ज्या जिल्ह्यात थेरपिस्टच नाही तिथे काय, असे विचारणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. तिथल्या ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या चमूने मिळून ६५ स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेषज्ञ नसलेले, पण नीट शिकवून तयार केलेले कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा पालकांना भेटले. आईबापाच्या मुलाशी खेळण्याचे चित्रण करायचे, मग ते कार्यकर्त्याने आणि पालकांनी मिळून पाहायचे आणि मुलाने दिलेली खूण कुठे निसटली ते ओळखायचे, एवढीच रीत. ऑटिझम नाहीसा झाला नाही. तसा दावाही कोणी केला नाही. पण ही मुले आईबापांशी स्वतःहून संवाद सुरू करू लागली.

एवढे शेजारी घडते आणि आमचे सरकार काय करते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. पाट्या पुष्कळ झाल्या! अंगणवाडी सेविकेला गोव्यातल्या कार्यकर्त्यांचे हे काम शिकवा, त्याचा वेगळा मोबदला द्या. चित्रांचे तक्ते मराठीत काढा, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीतही काढा. ‘घरची भाषा सोडा’ असे सांगणाऱ्या केंद्रांना जाब विचारा. ऑटिझम बरा करतो म्हणून स्टेम सेलची सुई विकणाऱ्यांना आवरा. त्या सुईला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नियमित उपचार म्हणून मान्यता नाही.

आणि आईबापांनो, सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. मुलाची श्रवणचाचणी करून घ्या. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी मागून पाहा. आज संध्याकाळी त्याच्यासमोर जमिनीवर बसा, ते जे हातात घेईल त्याच्याविषयी आपल्या भाषेत बोला, आणि आजीलाही बोलावून घ्या.