मुलांची चावडी आणि सार्वजनिक तिजोरी

मुलांसाठी निराळे समाजमाध्यम काढावे व त्याचा खर्च प्रसारभारतीने सोसावा, अशी सूचना हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत कानी पडते. हेतू शुद्ध आहे. परदेशी कंपन्या मुलांचे लक्ष विकून गबर होतात. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांस अशी खाती बंद केली व तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आला. पण नुसत्या बंदीने मुलांची गप्पांची हौस कोठे जाणार? तेव्हा आपल्याच अंगणात त्यांस ओटा बांधून द्यावा, असा हा युक्तिवाद. तो आम्हांस मान्य नाही.

१९९० च्या प्रसारभारती कायद्याने बालकांच्या हितरक्षणासाठी खास उपाय योजण्याचे कर्तव्य त्या संस्थेवर घातले आहे, हे खरे. परंतु तिचे साधन कार्यक्रम हे होय. आकाशवाणीवरून मुलांसाठी जे बोलले जाते ते आधी कोणा जाणत्याने पाहिलेले असते. चुकले तर जाब कोणास विचारावयाचा हेही ठाऊक असते. समाजमाध्यमात हा मधला जाणता माणूसच नाहीसा होतो. देवरीच्या एखाद्या मुलीस रात्री दहा वाजता मुलाचे सोंग घेतलेला कोणी प्रौढ गोड संदेश धाडील, तेव्हा तो अडवावयास दिल्लीतील कोणता अधिकारी जागा असणार? आणि असलाच, तर आपल्या लेकरांच्या खासगी गोष्टी सरकारी पगारी माणसाने वाचाव्यात, हे वाचकांस रुचेल काय? सोंग ओळखावयाचे तर प्रत्येक मुलाचे नाव, वय, पालक यांची नोंद हवी. मुलांवर पाळत ठेवण्यास २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने मनाई केली खरी. पण सरकारला काही संस्थांस सूट देता यावी, अशी वाटही त्याच कायद्यात ठेविली आहे.

आमचे अंगण व्यापारापासून तरी मुक्त राहील, असे कोणी म्हणेल. प्रसारभारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात ‘वेव्हज’ सुरू केले, त्यात मालिकांच्या जोडीस खेळ आणि खरेदीचे दुकानही आहे! अंगणात दुकान आले की गिऱ्हाइकांची मोजदाद आलीच.

पुण्याची ‘बालचित्रवाणी’ आठवा. मुलांसाठी शैक्षणिक चित्रफिती करणारी ही संस्था १९८४ साली निघाली. पुढे कर्मचाऱ्यांचे पगार रखडले, आणि २०१७ साली राज्य शासनाने ती बंद केली. जिथे मुलांचा एक चित्रपटगृहाएवढा कारखाना जगविता आला नाही, तिथे अहोरात्र राखण लागणारी चावडी कोण जगविणार? याउलट २०२० च्या जुलैत शाळा बंद असता सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. ज्या घरातील एकुलता फोन बापाबरोबर धानाच्या बांधावर जातो, तेथील मुलासही ती पाहता येई. खाते नको, संमतीपत्र नको.

मुलांचा आवाज ऐकावयाचा असेल तर मार्ग जुनाच आहे. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे. तिने सालेकसा-देवरीच्या मुलांस पत्रे लिहावयास सांगावे, झाडीबोलीतील अन् गोंडीतील गोष्टी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून आणाव्यात, आणि रोज अर्धा तास त्या ऐकवाव्यात. एका गाडीचा, दोन जाणत्या माणसांचा व एका ध्वनिमुद्रण-यंत्राचा तेवढा खर्च. तो मागावयास मात्र कोणी बैठक बोलावीत नाही.