चित्रकथेतील शब्द

चंडीगढच्या शासकीय संग्रहालयात पहाडी लघुचित्रांसमोर उभे राहिले की प्रस्तुत लेखकाला एक प्रश्न अस्वस्थ करतो. लाहोरच्या संग्रहाची १९४८ मध्ये वाटणी झाली तेव्हा चित्रे मोजून देता-घेता आली. पण त्या चित्रांभोवतीचे सांगणे आणि ऐकणे कोणाच्या वाट्याला आले?

जपानी काष्ठमुद्राचित्रांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. उतागावा कुनियोशी याने १८२७ च्या सुमारास एका चिनी कादंबरीतील १०८ वीरांवर चित्रमालिका आरंभली. तिच्यात वीराच्या शेजारीच त्याचे नाव व वृत्तान्त कोरलेला असतो. पुढे १८४० नंतरच्या दशकात त्याने ताकियाशा या मांत्रिक राजकन्येचे प्रसिद्ध त्रिदलचित्र रचले. बंडखोर सरदार मासाकादोची ही कन्या हातातील गुंडाळीवरून मंत्र म्हणते आणि काळोखातून एक प्रचंड सांगाडा वाकून पुढे येतो. ही कथा सान्तो क्योदेन याच्या १८०६ मधील कादंबरीतली. म्हणजे चित्रामागे छापील ग्रंथ उभा आहे. प्रेक्षक कथा विसरला, तरी अभ्यासकाला ती ग्रंथालयात सापडते.

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या चित्रकथ्यांची गोष्ट निराळी आहे. रामायण-महाभारतातील आख्यानांची चित्रे पोथीरूपाने बांधलेली असतात. कथेकरी एकेक चित्र पुढे धरून वाद्यांच्या साथीने आख्यान लावतो. युद्धात इंद्रजित मायेने अदृश्य होतो. चित्रात तर तो दिसायलाच हवा! त्याला अदृश्य करतो तो कथेकऱ्याचा आवाज. येथे मंत्र कागदावर नाही, कंठात आहे.

यावर कोणी म्हणेल, इंद्रजिताची कथा श्रीधराच्या ‘रामविजया’त आहेच. कथा आहे हे खरे. परंतु कोणत्या शब्दावर चित्र बदलावे, कोठे थांबावे, कोठे बोली यावी आणि कोठे पद, हे त्या ग्रंथात कोठून असणार? तेच तर चित्रकथेचे साहित्यरूप होय. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे; पण सन्मानाने संहिता जतन होत नाही.

आपण या पोथ्या कलेतिहासाच्या स्वाधीन करून मोकळे झालो आहोत. माझ्या मते हे काम मूलतः भाषाविभागांचे आहे. एकेका पोथीचे संपूर्ण निवेदन चित्रक्रमासह नोंदवावे, कथेकऱ्याला माहितगार न मानता ग्रंथकर्ता मानून त्याचे नाव व मानधन द्यावे, आणि ती संहिता ‘रामविजया’शेजारी अभ्यासक्रमात ठेवावी. कुनियोशीच्या चित्रांना ग्रंथालयाचा आधार आहे. पिंगुळीच्या चित्रांना आज केवळ काही माणसांच्या स्मरणशक्तीचा आहे, आणि स्मरणशक्तीला आयुष्याची मर्यादा असते.