छायाचित्रातील छाया

मराठीत ज्याला आपण छायाचित्र म्हणतो त्याला बंगाली माणूस आलोकचित्र म्हणतो. एकाने छायेवरून नाव ठेवले, दुसऱ्याने प्रकाशावरून. आणि दोघेही बरोबर आहेत. परंतु सियालदह स्थानकाभोवतीच्या ज्या ज्या छायाचित्रगृहांत जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तेथे छायेला सरसकट मज्जाव असल्याचे दिसले. गिऱ्हाईक स्टुलावर बसते. डावीकडून एक दिवा, उजवीकडून तितक्याच जोराचा दुसरा. आणि नाक, गालफडे, हनुवटी हे सारे सपाट होऊन चेहऱ्याचा पापड होतो. त्यातूनही जे काही उरते ते संगणकापुढे बसलेला तरुण, कोणी सांगितले नसता, दोन छटा उजळ करून टाकतो.

आमच्या परिचयाच्या एका अधिकाऱ्यांनी आपल्या वृद्ध मातोश्रींचे चित्र असेच काढवून घेतले. हाती आले त्यात सुरकुती नव्हती, सावळेपणा नव्हता आणि कपाळावरचे गोंदणही नव्हते! डाग समजून ते पुसले गेले होते. मातोश्री आज हयात नाहीत, आणि भिंतीवर जी बाई आहे तिला नातवंडे ओळखत नाहीत. ही केवळ अभिरुचीची बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

धंदेवाल्यांचा युक्तिवाद आम्हांला ठाऊक आहे. पारपत्राला सारखा उजळलेला, सावली नसलेला चेहराच लागतो, असे ते म्हणतात. कबूल. भारत व पाकिस्तान यांच्यात पारपत्राची पद्धत 1952 साली आली, आणि सियालदहहून पूर्व बंगालकडे आगगाड्या 1965 पर्यंत जात होत्या. त्या उतारूंना ओळख पटण्यापुरता चेहरा हवा होता. पण जो प्रकाश सरकारी खिडकीसाठी योग्य, तोच आईच्या तसबिरीला का लावावा?

दुसरा आक्षेप असा की, एकाच दिव्याने अर्धा चेहरा काळोखात बुडतो. उघड्या दिव्याने बुडेल. सॉफ्टबॉक्सने बुडण्याचे कारण नाही. आतून चंदेरी आणि तोंडावर पांढरे पातळ कापड ताणलेली ही पेटी म्हणजे खोलीत आणलेली खिडकीच होय. प्रकाशाचे उगमस्थान चेहऱ्याच्या मानाने जितके मोठे, तितकी सावलीची कड मऊ. म्हणून पेटी जवळ हवी. तीच तिप्पट अंतरावर नेली की चेहऱ्याच्या दृष्टीने तिची रुंदी तिसऱ्या हिश्श्याची होते आणि सावली पुन्हा कठोर पडते. पेटी एका बाजूला, डोळ्यांच्या किंचित वर. दुसऱ्या बाजूस फार तर एक पांढरा पुठ्ठा. एवढ्याने गालाची गोलाई दिसते, डोळ्यांत एकच ठिपका चमकतो आणि सावळी कातडी सावळीच राहून तुकतुकीत दिसते. खर्चही दोन दिव्यांहून कमीच.

हे ज्ञान कलकत्त्याला परके असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण याच शहरात 1815 साली जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी पुढे इंग्लंडात कोंबड्यांच्या खुराड्याचे काचघर करून बाजूने येणाऱ्या उजेडात माणसे टिपली. 1867 साली काढलेला त्यांचा वृद्ध हर्शेल पाहावा, त्याची प्रत्येक सुरकुती बोलते. आणि 1956 च्या ‘अपराजितो’साठी काशीच्या घराचे अंगण कलकत्त्यात उभारले, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिव्यांचा प्रकाश परतविला आणि आभाळाचा मऊ उजेड स्टुडिओत आणला. त्याच शहरातील कारागिराला एक पेटी नीट ठेवता येऊ नये?

येते, त्याला ती ठेवू देत नाहीत ती गिऱ्हाइके. आपल्यापैकी कित्येक सुशिक्षित कुटुंबे मुलीचे स्थळांकडे पाठवायचे चित्र ‘जरा उजळ’ करा म्हणून सांगतात. एका प्रसिद्ध मलमाच्या उत्पादकांनी 2020 साली नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. आपल्या घरांतून तो निघालेला नाही. जी मुलगी प्रत्यक्ष भेटीत त्या चित्राहून सावळी ठरणार, तिच्यावर हा कोणता उपकार?

तेव्हा बदलीच्या गावी असलेल्या आमच्या वाचकांना एवढीच विनंती, की स्टुडिओत शिरताच ‘एकटा आलो’ असे सांगावे. मराठी कानाला ते एकाकीपणाचे वाटेल, पण बंगालीत त्याचा अर्थ ‘एक दिवा’ असा होतो. आणि पैसे देण्यापूर्वी संगणकाचा हात न लागलेली मूळ प्रत मागून घ्यावी.