तुळशीचं लग्न ते शिमगा
उंबरठा : गडबकर

गेल्या वर्षी नवरात्र उठलं आणि टोरोंटोहून फोन आला. शाळेत माझ्या दोन बाकं पुढे बसणारा मित्र. आता बहात्तरीचा. गुडघे कुरकुरतात, वहिनींचं मनगट बर्फावर घसरून मोडलेलं. म्हणाला, "चार महिने आपल्या गडबला घर बघ. तळमजला हवा, कमोड हवा आणि अंगणात सकाळचं ऊन. बाकी काही नको." त्याचं वडिलोपार्जित घर भावाच्या वाटणीला गेलं आहे. तिथे पाहुणा म्हणून चार दिवस राहता येतं, चार महिने नाही.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. माझ्या घरापासून हायवेपर्यंत चालत गेलो, तर वाटेत अकरा घरांना कुलपं होती. चांगली घरं, स्लॅबची, फरशीची, दारावर गणपतीचं तोरण अजून लटकलेलं. मुलं ठाण्याला, कळव्याला, नवी मुंबईत. गणपतीला घर उघडतं, शिमग्याला उघडतं, मे महिन्यात नातवंडं येतात तेव्हा उघडतं. उरलेले दिवस पाली-उंदरांना. त्या अकरांतलं एक घर मिळायला मला सत्तावीस दिवस लागले.

आपल्या पेण-अलिबागच्या भागात भाड्याचे दोनच प्रकार रुळले आहेत, हे मला तेव्हा नीट कळलं. एक दिवसाचं भाडं. अलिबाग-किहीमकडचे बंगले शनिवार-रविवारी जातात, माणशी पैसे मोजून. दुसरं वर्षाचं. वडखळ-डोलवीच्या बाजूला कंत्राटी कामगारांसाठी खोल्या जातात, कॉट बेसिसवर, एका खोलीत आठ-दहा जण, पैसे ठेकेदार एकरकमी देतो. यांच्या मधलं, एका ऋतूचं भाडं, कोणी मागितलं तर समोरचा गोंधळतो. एका एजंटाने मला सरळ सांगितलं, चार महिने राहा नाहीतर दोन, भाडं अकरा महिन्यांचं आणि एक महिन्याची दलाली वेगळी.

आणि आपण तर ऋतूंवर जगणारी माणसं. पेणचा गणपतीचा कारखाना भाद्रपदाच्या हिशेबाने चालतो. मिठागराचं काम पावसाळा संपल्यावर सुरू होतं आणि पुढच्या पावसाआधी आवरतं. आंब्याचं झाड हंगामापुरतं दुसऱ्याच्या हातात देताना आपल्याला काही वाटत नाही. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरतो, आणि वालाला शेंगा धरल्या की मडक्यात त्यांची पोपटी लागते. जमीन, झाड, पाणी सगळं आपण हंगामाने देतो-घेतो. घराचंच तेवढं होत नाही.

का होत नाही, ते आमच्या आळीतल्या एका आजींनी एका वाक्यात सांगितलं. "घर हाय रं बाला, पन द्यायचा नाय. येकदा का मानूस शिरला, का कूल लागतं."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं नाही, आणि कोणी नेऊ नये. हा खारेपाट, हा खाडीकाठचा पट्टा, कुळांचा आहे. इथल्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 साली संप पुकारला. चरीच्या त्या संपात नारायण नागू पाटील पुढे होते, आणि 1939 पर्यंत गावोगाव जमिनी पडीक राहिल्या. लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण खोताची शेती केली नाही. पुढे 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कसणारा कायद्याने मालक झाला. आमच्या कित्येक घरांतल्या सातबाऱ्यामागे ही गोष्ट उभी आहे. जो राबतो, जो वहिवाट ठेवतो, त्याची जमीन होते, हे या भागाने पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतः मिळवलेलं आहे. मग त्याच घरातली बाई परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेताना दचकली तर नवल नाही. तिच्या सासऱ्याने जे न्यायाने मिळवलं, तेच उलटून आपल्यावर येईल असं तिला वाटतं.

शहरातल्या लोकांनी या भीतीत भर घातली. मुंबईचा 1947 चा भाडेकायदा भाडेकरूच्या बाजूने घट्ट होता, आणि 1973 च्या दुरुस्तीने तर 1 फेब्रुवारी 1973 रोजी लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. परवान्यावर आलेला माणूस एका तारखेत भाडेकरू झाला. गिरणगावात नोकरी करून गावी परतलेल्या माणसांनी ही गोष्ट बरोबर आणली, आणि ती इथल्या कुळाच्या गोष्टीला जाऊन चिकटली.

आज मात्र दोन्ही गोष्टी लागू नाहीत. कूळकायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या घरात चार महिने भाड्याने राहिलेला माणूस कूळ होत नाही. आणि 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात 24 वं कलम आहे. लायसन्सची मुदत संपली की मालकाला घराचा ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जो हटून बसेल त्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. याच कायद्याचं 55 वं कलम म्हणतं की करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदला नाही तर शर्तींबद्दल राहणारा जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ही कलमं मुळात शहरांकडे बघून केलेली आहेत, पण करार नोंदवायला गाव आडवं येत नाही. नोंदलेला कागद गडबलाही कामाला येतो.

खर्च किती? दरमहा 15 हजार धरले तर चार महिन्यांचे 60 हजार. मुद्रांक शेकडा 25 पैसे, म्हणजे दीडशे रुपये. अनामत घेतली असेल तर तिच्या व्याजापोटी आणखी चार-दोन रुपये. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क 500. ऑनलाइन नोंदणी केली तर घरी बसून अंगठा देता येतो. पाहुणा परदेशी पासपोर्टवर असेल तर तो आल्यापासून 24 तासांत मालकाने परदेशी पाहुण्याच्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यायची. एवढंच. हजार रुपयांच्या आत आजींची झोप परत येते.

इथे मला एक गोष्ट टोचते, ती लिहितोच. "कूल लागतं" म्हणणारी काही घरं मी ओळखतो, ज्यांच्या मागच्या चाळीत तीस-चाळीस कामगार राहतात आणि एका ओळीचाही करार नाही. ओडिशा, झारखंड, बिहारची ती मुलं. त्यांच्याबद्दल भीती वाटत नाही, कारण ती कोणाकडे दाद मागणार नाहीत हे आपल्याला माहीत आहे. कागद त्यांनाही द्या. तो त्यांचा हक्क आहे आणि तुमचं संरक्षणही.

मित्राकडे परत येतो. या गोष्टीचं दुसरं टोकही समजून घ्यायला हवं. बर्फाच्या देशांत निवृत्त माणसं हिवाळ्यात ऊन शोधत निघतात, तिथे त्यांना स्नोबर्ड म्हणतात. ॲरिझोनातलं फिनिक्स, कॅलिफोर्नियातलं पाम स्प्रिंग्स, ही वाळवंटातली शहरं त्यांची हिवाळ्यातली ठिकाणं. तिथे ऋतूचं भाडं हा रीतसर धंदा आहे. घर भांड्याकुंड्यांसह मिळतं, अंथरूण-पांघरूण तयार असतं, आणि पुढच्या वर्षीचं आधीच बोलून ठेवतात. मित्र दोन हिवाळे ॲरिझोनाला जाऊन आला. ऊन भरपूर मिळालं, पण सत्तरीनंतर प्रवासाचा आरोग्यविमा परवडेना आणि दिवसभर तोंड उघडायला माणूस मिळेना.

त्याचे दिवसही मोजलेले असतात. ओंटारियोचा सरकारी आरोग्यविमा टिकवायचा तर कोणत्याही 12 महिन्यांत किमान 153 दिवस प्रांतात हजर राहावं लागतं. इकडे आर्थिक वर्षात 182 दिवस भरले की आयकराच्या दृष्टीने माणूस इथला निवासी होतो, आणि इथलं उत्पन्न 15 लाखांपेक्षा जास्त असेल तर 120 दिवसांपासूनच विचार करावा लागतो. म्हणजे जो चार महिने म्हणतो तो चार महिनेच राहणार आहे. त्याचं तिकडचं औषधपाणी त्यावर अवलंबून आहे. घर बळकावून बसण्यात त्याचंच नुकसान.

आणि आपलं पंचांग बघा. गणपती गेले, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की घरमालकाची मुलं शिमग्यापर्यंत येत नाहीत. नेमके तेच चार महिने परदेशातल्या आपल्या माणसाला हवे आहेत. तुळशीच्या लग्नापासून शिमग्याच्या आठ दिवस आधीपर्यंत, असा करार आपल्या गावांना शिवून दिल्यासारखा बसतो. नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं उडू लागली आहेत. तिथून पेण किती जवळ आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि लवकरच बाहेरच्यांनाही कळेल. तेव्हा ही कुलपं आपण उघडली नाहीत, तर कोणीतरी घरंच विकत घेईल आणि दिवसाच्या भाड्याने लावेल.

पण येणाऱ्याला खरं सांगावं. गडब म्हणजे समुद्रकिनारा नाही. हायवेची धूळ आहे. पनवेल-इंदापूर रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून आम्ही ती खातो आहोत. खाडीकडून संध्याकाळी डास येतात, जाळ्या लावल्याशिवाय घर देऊ नका. कमोडला धरायला दांडी हवी, मोरीत घसरणार नाही अशी फरशी हवी. सगळ्यांत मोठा प्रश्न पाण्याचा. पेण तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे, त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना जातं, आणि खारेपाटातली गावं उन्हाळा लागायच्या आधीच हंडे मोजू लागतात. त्या पाण्यासाठी आपण पाहुण्यांसाठी नव्हे, स्वतःसाठी भांडलं पाहिजे.

आजींनी शेवटी घर दिलं. दोन अटी घातल्या. तुळशीला रोज पाणी घालायचं आणि तिन्हीसांजेला अंगणात दिवा. मी म्हटलं, करारात लिहू या. त्या म्हणाल्या, लिही. मुद्रांकाच्या कागदावर सातव्या कलमात तुळस आहे. वहिनींनी एक दिवसही चुकवला नाही, आणि पोपटीच्या रात्री भांबुर्डीचा पाला आणायला त्या आजींबरोबर बांधावर गेल्या होत्या.

एक कलम मात्र राहून गेलं. फेब्रुवारीत नळ आटला, टँकर मागवावा लागला, आणि पैसे कोणी द्यायचे यावर दोन दिवस दोन्ही घरं अवघडून बसली. मग निम्मे-निम्मे केले. यंदाच्या मसुद्यात मी टँकरचं कलम भाड्याच्या खालीच घातलं आहे. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी रविवारी सकाळी घरी यावं, झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.