लग्न झालं, म्हणजे स्वमग्न नाही?

बालाघाटात पंचेचाळिशी ओलांडलेला कुणी म्हणाला, की मी कदाचित स्वमग्न असेन, तर त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: लग्न झालं, दोन पोरं झाली, वीस वर्षं नोकरी केली, आता हे काय नवीन खूळ? असं म्हणणारे दुष्ट नसतात. स्वमग्न म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे न बोलणारं, हात फडफडवणारं चार वर्षांचं पोर येतं. त्या चित्रात समोरचा गृहस्थ बसत नाही, एवढाच त्यांचा युक्तिवाद.

आधी लग्नाचा पुरावा तपासू. आपल्याकडे, वारासिवनी असो की लांजी, स्थळ मामाने आणलं, बोलणी काकाने केली, मुलगा मान खाली घालून बसला आणि त्याचंही कौतुक झालं. अनोळखी व्यक्तीशी ओळख वाढवणं, तिच्या मनाचा अंदाज घेणं, नकार झेलणं ही जी कामं स्वमग्न माणसाला जड जातात, ती सगळी वडीलधाऱ्यांनी उरकली. अशा लग्नावरून काही सिद्ध होत असेल तर एवढंच, की मामा बोलके होते.

नोकरीचंही तेच. शाळेत तासाची घंटा, भरवेलीच्या मँगनीज खाणीत पाळ्यांची वेळ, कचेरीत तीच नोंदवही. नेमून दिलेलं काम नेमक्या वेळी करणारा अशा जागी तीस वर्षं काढू शकतो, आणि त्याला 'शिस्तीचा' म्हणतात. मग बढती होते, हाताखालची दहा माणसं सांभाळावी लागतात. किंवा वडील जातात आणि भावांमधल्या वाटणीची बोलणी अंगावर येतात. तिथे गाडी अडते. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013च्या निदानपुस्तिकेने हे गृहीत धरलं आहे: लक्षणं बालपणापासून असलीच पाहिजेत, पण भोवतालच्या अपेक्षा कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही, शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जातात.

बायकांच्या बाबतीत तर हे झाकण आणखी घट्ट. सणाच्या गर्दीतून स्वयंपाकघरात निसटणारी, मोजकं बोलणारी सून 'गुणाची' ठरते. पाहुणे गेल्यावर दोन दिवस ती डोकं धरून का पडते, हे कोण विचारतो?

'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हा दुसरा आक्षेप. नव्हतंच, पुस्तकात. लिओ कॅनरने 1943मध्ये अकरा मुलांचं वर्णन केलं खरं, पण त्याच अमेरिकी पुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा 1980च्या आवृत्तीत मिळाली. बोलत्या, शिकत्या, तरीही वेगळ्या माणसांकडे लॉर्ना विंग यांनी 1981च्या लेखात लक्ष वेधलं, आणि अशांसाठीचं 'ॲस्पर्गर' हे नाव पुस्तिकेत शिरायला 1994 उजाडलं. 1975ला जन्मलेला मुलगा तोवर कॉलेजात होता. त्याला लहानपणी ओळखणार कोण होतं? इंग्लंडमध्ये 2007 साली घरोघरच्या प्रौढांची पाहणी झाली तेव्हा शंभरात सुमारे एक जण स्वमग्न निघाला, आणि वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण घटलेलं दिसलं नाही. नुसती फॅशन असती तर ती म्हाताऱ्यांत कशी सापडली?

सवलतींसाठी सोंग घेतात, या आरोपावर फार शाई घालवायला नको. 2016च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांमध्ये स्वमग्नता आहे, पण मुख्य लाभ 40 टक्क्यांपासून पुढे. आणि मोजमापाची आपली भारतीय प्रश्नावली चाळीस कलमांची. त्यात एकट्याने तोच-तो खेळ खेळण्याबद्दलही विचारणा आहे. सोंग घेऊ पाहणाऱ्या एखाद्या मुख्याध्यापकाने त्यात गुण मिळवून दाखवावेत!

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: मोबाइलवरची प्रश्नावली भरली की ज्याला-त्याला आपलंच वर्णन वाटतं. हा मला अर्धा मान्य आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2001मध्ये पन्नास प्रश्नांची जी यादी केली ती चाळणी आहे, निकाल नव्हे. चिंतारोग, नैराश्य, अवधानाचा दोष यांतूनही तसेच गुण येऊ शकतात. म्हणून 'मला वाटतं तेवढं पुरे' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण चाळणीत अडकलेल्याला हसून घालवणाऱ्यांशी तर त्याहून पटत नाही. वर्षानुवर्षं नैराश्याच्या गोळ्या घेऊनही ज्याचं मूळ दुखणं कुणी पाहिलं नाही, त्याला तपासणीचा हक्क आहे. निदानाने स्वभाव बदलत नाही, त्यावर औषधही नाही. पण घरात 'तू मुद्दाम करतोस' हे भांडण संपू शकतं, आणि वरातीच्या डीजेपुढून उठून जाणाऱ्याला गर्विष्ठ म्हणणं थांबू शकतं.

तपासणीसाठी नागपूरला किंवा जबलपूरला जावं लागेल, हे खरं. तरी एका बाबतीत बालाघाटचा माणूस महानगरवाल्याहून सरस आहे. डॉक्टरला बालपणाची साक्ष हवी असते, आणि इथे ती त्याच गल्लीत राहते: आई, आत्या, पहिलीचे गुरुजी. बोलायला कधी लागला, नाव घेऊन हाक मारल्यावर वळायचा का, ताटात भाजी वरणाला लागली तर काय करायचा, गोंदियाच्या गाडीच्या वेळा पाठ होत्या का. आई आता पंचाहत्तरीपुढे आहे. नागपूरची तारीख मिळेपर्यंत थांबू नये, तिचं सांगणं आजच वहीत उतरवून घ्यावं.